ऑर्किडचा बहार



या व्यासपीठावरून आपण राजकारण ऐकता, अर्थकारण ऐकता, संतवाङ्मय ऐकता. त्या रांगेत आज आम्ही एक कुंडी घेऊन उभे आहोत, याचे काहींना नवल वाटले असेल. विषय लहान आहे, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. पण गेली काही वर्षे शहरातील पुष्कळ घरांत ऑर्किडची कुंडी येऊ लागली आहे. कोणी वाढदिवसाला देतो, कोणी गृहप्रवेशाला. दोन महिने ती फुललेली असते, घरचे-दारचे कौतुक करतात, मग फुले गळतात आणि त्यानंतर वर्षानुवर्षे नुसती पाने उरतात. शेवटी एक दिवस ती कुंडी जिन्याखाली आणि तेथून कचऱ्यात जाते. झाड जिवंत असते, निरोगीही असते. ते फुलत नाही एवढाच त्याचा अपराध. हा अपराध खरोखर कोणाचा, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

आमचा या विषयातील अधिकार अपयशातून आलेला आहे. तीस वर्षे आम्ही शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी शाल-श्रीफळाबरोबर एक कुंडी हाती दिली. दोन हात लांबीच्या कमानदार दांड्यावर नऊ पांढरी फुले होती. मुले म्हणाली, "सर, आता तुम्हांला वेळ आहे. दरवर्षी फुलवा." फुले जून उजाडता उजाडता गळाली. पुढली तीन वर्षे त्या कुंडीने आम्हांला फुलाचे तोंड दाखविले नाही. वनस्पतीचे भाग फळ्यावर हजार वेळा काढलेल्या मास्तराच्या खिडकीत एक झाड फुलू नये, ही गोष्ट शेजाऱ्यांच्या लक्षात आल्यावाचून कशी राहील? माजी विद्यार्थी भेटीला येत, चहा घेत आणि कुंडीकडे एकदा पाहून विषय बदलीत.

हे झाड कोठले?

प्रथम हे सांगितले पाहिजे की, 'ऑर्किड' हे एका झाडाचे नाव नाही. ते एका प्रचंड कुळाचे नाव आहे. जगात त्याच्या सुमारे २८,००० जाती आहेत. भारतातच बाराशेहून अधिक आहेत. आपल्या सह्याद्रीत त्यांना आमरी म्हणतात, आणि ज्या जातीची फुले गुंफलेल्या वेणीसारखी लोंबतात तिला सीतेची वेणी हे सुंदर नाव आहे. तीच जात आसामात कोपौ फूल म्हणून बिहूच्या सणात स्त्रियांच्या केसांत दिसते. तेव्हा "ऑर्किडला काय लागते?" हा प्रश्न "धान्याला काय लागते?" या प्रश्नासारखा आहे. भाताचे उत्तर बाजरीला देऊन चालत नाही.

घरोघर जी ऑर्किड भेट म्हणून येते ती बहुधा फॅलेनॉप्सिस या वंशातील संकरित जात असते. रुंद, जाड, एकमेकांसमोर बसलेली चार-सहा पाने आणि बाकदार दांड्यावर पतंगासारखी चपटी फुले, ही तिची खूण. ब्लूम या शास्त्रज्ञाने १८२५ साली हे नाव दिले; त्याचा अर्थच 'पतंगासारखी दिसणारी' असा आहे. जावा, फिलिपाईन्स, तैवान या बाजूंच्या दमट रानांतून तिचे पूर्वज आले. तेथे ती मातीत उगवत नाही. झाडाच्या फांदीला मुळांनी घट्ट धरून राहते.

फांदीवर राहते म्हणताच आपल्याकडे लोक तिला बांडगूळ समजतात. हा अन्याय आहे. बांडगूळ आपली मुळे यजमान झाडात खुपसून त्याचा रस ओढते. ऑर्किड फक्त बसण्यापुरती जागा घेते. अन्न स्वतः करते, पाणी पावसातून आणि हवेतून घेते. अशा वनस्पतींना शास्त्रात अपिवनस्पती म्हणतात. तिच्या मुळांवर मृत पेशींचे एक स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते. पाणी पडताच ते टिपून घेते आणि आतील हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. निसर्गाने हे आवरण सर येऊन गेली की भिजण्यासाठी आणि वारा लागला की वाळण्यासाठी केलेले आहे. आता अशा मुळांना काळ्या मातीत पुरून रोज तांब्याभर पाणी घातले तर काय होईल? ती गुदमरतील आणि कुजतील. आम्ही पहिल्या वर्षी नेमके हेच केले. माती नव्हती, एवढेच. पण कुंडी एका शोभिवंत चिनी मातीच्या भांड्यात ठेवली होती आणि त्याच्या तळाशी सदा दोन बोटे पाणी साचलेले असे. निम्मी मुळे गेल्यावर आम्हांला जाग आली.

मुळे कुजलेल्या झाडाकडून फुलांची अपेक्षा करणे व्यर्थ. म्हणून फुलांचा विचार करण्यापूर्वी झाड सावरले पाहिजे. सालीचे तुकडे, लोणारी कोळशाचे खडे, नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे यांचे मिश्रण भरावे. कुंडीला तळाशी व बाजूंना भरपूर भोके असावीत. मुळे रुपेरी झाली की सकाळी पाणी द्यावे, ते पूर्ण निथळू द्यावे, आणि पानांच्या मध्यावरील खळगीत साचू देऊ नये. तेथे साचलेले पाणी झाडाचा कोंभच कुजविते. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी तिला मानवत नाही. पावसाचे साठविलेले पाणी उत्तम.

उजेडाची कमाई

मुळे सुधारली. पाने गर्द हिरवी, तुकतुकीत झाली. पाहणारे म्हणत, "वा! काय छान हिरवीगार आहेत!" आम्हीही खूष होत असू. पुढे कळले की हा गर्द हिरवेपणा समृद्धीची खूण नाही, तर काळोखाची आहे. उजेड कमी पडला की पान हरितद्रव्य वाढवून मिळेल तेवढा किरण पकडण्याची धडपड करते. योग्य उजेडात फॅलेनॉप्सिसचे पान किंचित पिवळसर छटेचे, पोपटी-हिरवे दिसते.

या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवितात. दिवाणखान्यात आपण वर्तमानपत्र वाचू शकतो, म्हणजे तेथे पुरेसा उजेड आहे असे आपल्याला वाटते. उजेड मोजण्याचे एकक लक्स आहे. उघड्यावर भर दुपारी सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. फॅलेनॉप्सिसला चांगले फुलण्यासाठी १०,००० ते १५,००० लक्स हवे असतात. आणि दिवाणखान्याच्या मध्यावर, टीपॉयवर, जेथे आम्ही ती कुंडी हौसेने मांडली होती, तेथे दोन-तीनशे लक्सदेखील मुश्किलीने मिळतात. बुबुळ लहान-मोठे होऊन हा फरक झाकून टाकते. पानाला बुबूळ नाही. त्याला जेवढा उजेड मिळतो तेवढीच साखर ते करते.

झाडाचा संसार आपल्या संसारासारखाच असतो. ज्या घरात महिन्याची मिळकत महिन्यातच संपते, तेथे लग्नकार्य निघत नाही. दहा फुलांचा दांडा हे झाडाच्या घरचे लग्नकार्य आहे. त्यासाठी पानांत साखर शिल्लक हवी, आणि ती शिल्लक उजेडाखेरीज कशानेही पडत नाही. खताने ती पडत नाही. आम्हांला एका दुकानदाराने पाने जोमदार होण्याचे खत दिले होते. त्यात नत्र भरपूर होते. पाने जोमदार झाली, आणि काम तेथेच थांबले.

उजेड पुरेसा आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. दुपारच्या सुमारास पानाच्या वर वीतभर किंवा थोडा अधिक अंतरावर हात धरावा. सावलीच पडली नाही तर उजेड कमी. सावली काळी, रेखीव पडली तर ऊन अधिक, पान भाजेल. सावली दिसते पण तिच्या कडा मऊ, पुसट आहेत, असे असेल तर जागा योग्य. पूर्वेची खिडकी, काचेपासून हातभर अंतराच्या आत, ही बहुतेक घरांत उत्तम जागा होय. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत पातळ पडदा हवा. आम्ही कुंडी टीपॉयवरून उचलून पूर्वेच्या खिडकीत नेली. पाने वर्षभरात पोपटी झाली, एक नवे पान मागल्यापेक्षा मोठे आले. फूल मात्र आले नाही.

बहार धरणे

आता खऱ्या प्रश्नाशी आपण पोचलो. मुळे नीट आहेत, उजेड आहे, शिल्लकही आहे. तरी झाड फुलत नाही. ते कशाची वाट पाहते?

याचे उत्तर आपल्या बागायतदारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बागायतदार झाडाला बारा महिने सारखे पाणी पाजीत नाही. तो बहार धरतो. काही आठवडे पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, पाने गळू देतो. मग खत-पाणी देऊन ताण मोडतो, आणि झाड फुलांनी लगडते. अंबिया, मृग आणि हस्त हे तीन बहार म्हणजे झाडाला 'आता तुझी वेळ आली' असे सांगण्याचे तीन मुहूर्तच आहेत. कोकणातला हापूस असाच निरोपाची वाट पाहतो; त्याचा निरोप येतो थंडीतून. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार पडल्या की पक्व फांद्यांना मोहोर फुटतो. थंडी लांबली की मोहोर लांबतो आणि बागवाल्याच्या जिवाला घोर लागतो.

हे आम्हांला माहीत होते, आणि अर्धवट माहीत असल्याने आम्ही दुसरी चूक केली. डाळिंबाप्रमाणे ऑर्किडलाही ताण द्यावा म्हणून दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही महिनाभर पाणी तोडले. पाने सुरकुतून चामड्यासारखी लोळू लागली. डाळिंबाची मुळे जमिनीत खोल गेलेली असतात. फॅलेनॉप्सिसजवळ पाण्याचा साठा म्हणजे तिची पानेच. तिला तहानेचा ताण देणे म्हणजे उपाशी माणसाला उपवास सांगणे. डेंड्रोबियम नोबिल नावाची हिमालयाच्या पायथ्याकडची एक ऑर्किड आहे, तिची गोष्ट निराळी. तिच्या उसासारख्या जाड कांड्यांत पाणी साठलेले असते. हिवाळ्यात तिला पाणी अगदी कमी करून गारव्यात ठेवले तरच ती फुलते. तशात पाणी आणि खत देत राहिले तर फुलांच्या जागी पिल्ले फुटतात. आणि बाजारात मिळणारी, जांभळ्या फुलांच्या लांब काड्यांची जी उष्ण प्रदेशातील डेंड्रोबियम, ती थंडीही मागत नाही. ती मागते लख्ख उजेड. एकाच कुळातील तीन झाडे, तिघींच्या मागण्या तीन.

मग फॅलेनॉप्सिसचा निरोप कोणता? अभ्यासकांनी आणि व्यापारी बागवाल्यांनी तो तपासून पाहिला आहे. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिले तर हे झाड पानांमागून पाने काढीत राहते. दांडा काढीत नाही. तेच दिवसा २५ अंशांच्या आसपास आणि रात्री २० अंशांच्या आसपास असे काही आठवडे मिळाले की पानाच्या बगलेत निजलेला डोळा जागा होतो आणि दांडा बाहेर पडतो. वर्षभर दुकानांत फुललेली झाडे दिसतात ती यामुळेच; काचगृह गार करून बागवाले हवा तेव्हा हिवाळा आणतात. जपानात तर उन्हाळ्यात ऑर्किडच्या कुंड्या उंच डोंगरावर नेऊन ठेवण्याची पद्धत होती. तेथील गारव्यात बहार लवकर येई.

या झाडाला रात्रीची भाषा कळावी याचे आम्हांला आता नवल वाटत नाही. कोरफड, घायपात आणि निवडुंग यांच्याप्रमाणे तेही पानांवरील रंध्रे दिवसा मिटून घेते आणि रात्री उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेते. पाणी वाचविण्याची ही युक्ती आहे. ज्याचा श्वास रात्रीचा, त्याला रात्रीचा फरक कळणारच.

आमच्या घरी हा फरक कळण्याची सोय नव्हती. पुण्याच्या थंडीत आम्ही करीत होतो तेच, जे प्रत्येक घर करते: संध्याकाळी खिडक्या लावून घ्यावयाच्या आणि अकरापर्यंत दिवे जाळावयाचे. आमची थोरली बहीण आमच्याकडे असते. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू. तिला आम्ही हापूसच्या मोहोराचे आणि थंडीचे शास्त्र समजावीत होतो. ती कोकणातच वाढलेली. ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, मग हिला कळणार कसं थंडी पडली म्हणून? खिडकी तर तू लावून घेतोस."

तीस वर्षांच्या मास्तरकीला हे सुचले नव्हते. घर बांधण्याचा हेतूच मुळी ऋतूला बाहेर ठेवण्याचा असतो. पावसात कोरडे राहावे, थंडीत ऊब मिळावी म्हणून तर माणूस भिंती उभारतो. आपण जिला आत आणली ती वनस्पती मात्र ऋतूंवर आपले वर्ष मोजते. तिला आपण पाणी दिले, खत दिले, सावली दिली. तिचे पंचांग तेवढे काढून घेतले.

इतिहासातील एक धडा

ही चूक आमची एकट्याची नव्हती, हे वाचून आम्हांला थोडा धीर आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात उष्ण देशांतून जहाजे भरभरून ऑर्किड जात. तेथील माळ्यांची समजूत अशी की उष्ण देशातील झाड म्हणजे सदा उकाड्यात, वाफेत वाढणारे. त्यांनी काचेच्या बंद कोठ्या केल्या, त्या भट्टीने तापविल्या, वारा शिरू दिला नाही. झाडे हजारोंनी मेली. पुढे चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने कोठ्यांत वारा खेळविला, उष्णता कमी केली. १८३५ साली त्याच बागेतून जॉन गिब्सन या तरुण माळ्याला हिंदुस्थानात पाठविण्यात आले. चेरापुंजीच्या खासी टेकड्यांतून त्याने पुष्कळ ऑर्किड जमविल्या. चेरापुंजी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. तेथील हिवाळा गार. अशा ठिकाणचे झाड भट्टीत कसे जगावे? 'उष्ण देश' या दोन शब्दांत दऱ्या, डोंगर, पावसाळे आणि थंडीच्या रात्री सगळे बुडून गेले होते.

निरोप किती नेमका असू शकतो, याचे एक उदाहरण देऊन पुढे जातो. आग्नेय आशियात डेंड्रोबियम क्रुमेनॅटम नावाची एक पांढऱ्या, सुवासिक फुलांची ऑर्किड आहे. तिला पारवा-ऑर्किड म्हणतात. तिच्या कळ्या तयार होऊन थांबून राहतात. एखाद्या दुपारी वादळी पाऊस कोसळतो, तापमान एकदम पाचेक अंशांनी उतरते, आणि त्यानंतर सुमारे नऊ दिवसांनी त्या प्रदेशातील सगळी झाडे एकाच दिवशी फुलतात. फूल टिकते एक दिवस. सगळ्यांनी एकदम फुलले तरच कीटकांना एका झाडावरून दुसऱ्यावर जाता येते आणि परागण साधते. म्हणजे निरोपाची वाट पाहणे हा झाडाचा हट्ट नव्हे. त्यावर त्याचा वंश अवलंबून आहे.

आपल्याकडील वेळापत्रक

आता व्यवहाराचे बोलू. आपल्या हवेत पंचांग असे बसते.

पावसाळ्यात झाडाला वाढू द्यावे. पाण्यात फार सौम्य केलेले समतोल खत पंधरवड्याने द्यावे. दसऱ्यापर्यंत निदान चार चांगली पाने नसतील तर त्या वर्षी फुलांचा हट्ट धरू नये. अशक्त मुलीवर संसाराचा भार घालू नये.

दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागल्या की कुंडी जेथे दिवसा उजेड आणि रात्री गारवा मिळेल अशा खिडकीत ठेवावी, आणि खिडकी रात्री थोडी उघडी ठेवावी. पुण्या-नाशिककडे येथेच थांबावे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्रीचा पारा कित्येकदा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि १५ अंशांखालची थंडी या झाडाला सोसत नाही. म्हणून ते उघड्या गच्चीवर ठेवू नये. मुंबईत आणि कोकणपट्टीत अडचण उलट असते. तेथे गार रात्री थोड्या, म्हणून त्या वाया जाऊ देऊ नयेत. डिसेंबर-जानेवारीत कुंडी सज्जात किंवा खिडकीच्या जाळीत, थेट उन्हापासून दूर ठेवावी. काही जण कुंडीत बर्फाचे खडे घालतात. त्याने मुळांना हुडहुडी भरते; पानांना हिवाळा कळत नाही.

पाच-सहा आठवडे धीर धरावा. मग वरून तिसऱ्या-चौथ्या पानाच्या बगलेतून काहीतरी डोके काढील. ते मूळ असेल तर टोक गोल, गुळगुळीत असेल आणि बहुधा खाली वळेल. दांडा असेल तर टोक किंचित चपटे, हातमोज्याच्या अंगठ्यासारखे असेल आणि उजेडाकडे चढू लागेल. आमच्या घरी हा शोध बहिणीने लावला. ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पाने पुसते. खिडकी उघडी ठेवू लागल्यावर महिन्या-दीड महिन्याने, संक्रांतीच्या सुमारास, तिने हाक मारली, "इकडे ये. काल इथं काही नव्हतं." डोळ्यांना न दिसलेली गोष्ट तिच्या बोटाला लागली होती.

दांडा दिसल्यावर कुंडीची दिशा बदलू नये. कळ्या उजेडाकडे तोंड करून मांडणी ठरवितात. रोज फिरविले तर दांडा वेडावाकडा होतो. या काळात एकदम उकाड्यात नेल्यास दांड्यावर कळ्यांऐवजी पिल्लूही फुटते. दांडा दिसल्यापासून पहिले फूल उमलायला तीन महिने लागतात, थंड घरात थोडे अधिकच. म्हणजे संक्रांतीला दांडा, होळीला कळ्या आणि पाडव्याच्या पुढेमागे फुले.

आंब्याची पेटी

तिसऱ्या वर्षी आमच्या दांड्यावर अकरा कळ्या धरल्या. बहीण त्या रोज बोटांनी मोजी. पाडव्यानंतर पहिली कळी टपोरी झाली, उद्या-परवा उमलणार असे वाटू लागले. त्याच आठवड्यात आम्ही बहिणीसाठी कोकणातून हापूसची पेटी मागविली आणि गवतात आंबे घालून आढी लावली, ती त्याच खोलीत, खिडकीखाली. चौथ्या दिवशी सकाळी कळ्या पिवळ्या पडल्या होत्या. दोन दिवसांत अकराच्या अकरा गळाल्या.

पिकणारे फळ इथिलिन नावाचा वायू सोडते. फळे हा वायू स्वतःच तयार करतात हे १९३४ साली सिद्ध झाले. आढीत आंबा लवकर पिकतो तो हाच वायू गवतात कोंडला गेल्यामुळे. फळाला जो पिकण्याचा संदेश, तोच ऑर्किडच्या कळीला गळण्याचा. आंबा, केळी, सफरचंद, तसाच धूर, यांच्यापासून कळ्या धरलेले झाड दूर ठेवले पाहिजे. थंडीचा निरोप ज्या हापूसवरून आम्ही शिकलो, त्याच हापूसने आमची फुले नेली. बहीण बोलली नाही. त्या वर्षी तिने आंबाही फारसा खाल्ला नाही.

आता एक विनंती, आणि मग आम्ही आवरते घेतो. हे ऐकून कोणाला वाटेल की, आंबोलीला, महाबळेश्वरला गेलो की झाडावरची आमरी उतरवून आणावी. कृपा करून तसे करू नका. १९६६ साली सांतापाव आणि कपाडिया यांनी मुंबई इलाख्यातील ऑर्किडवर ग्रंथ लिहिला. त्यातील झाडे ज्या रानांत होती ती राने आज झपाट्याने आक्रसत आहेत. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात शिदोरी नसते. रानात विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते. एक झाड उपटले तर त्याची जागा भरून यायला फार काळ लागतो. आपल्या खिडकीसाठी बागेत वाढविलेली झाडे पुष्कळ मिळतात. नड्सन याने १९२२ साली साखर व क्षार घातलेल्या काचेच्या नळीत, बुरशीवाचून, ऑर्किडचे बी रुजवून दाखविले, तेव्हापासून ही सोय झाली आहे. रानातली आमरी रानातच पाहावी. तिचे ऋतू तेथे कोणी हिरावलेले नाहीत.

श्रोतेहो, फुले गळाल्यावर दांडा मुळापासून कापू नका. तो हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा. कधी त्यातून पुन्हा तुरा फुटतो. आणि कुंडी जिन्याखाली टाकण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा: हिच्या मुळांना वारा आहे का? हिच्या पानावर सावली पडण्याइतका उजेड आहे का? आणि थंडी पडल्याचे हिला कोणी कळविले का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असूनही झाड फुलले नाही, असे क्वचितच घडेल.

आमच्या खिडकीत यंदा पुन्हा दांडा आला. आज सकाळी सातवे फूल उमलले. बहिणीने हळूच बोट लावून ते मोजले. ज्या मुलांनी ती कुंडी दिली त्यांतील दोघे समोर बसलेले आम्हांला दिसत आहेत. सभा संपल्यावर त्यांनी घरी यावे. आंबे मात्र मिळणार नाहीत. पेटी शेजाऱ्यांकडे ठेवली आहे.